चेतापेशीतील विद्युत संदेश : उत्तर लिहिताना या चुका टाळा

बारावीच्या उत्तरपत्रिकेत संदेश जाताना चेतापेशीच्या पटलाचे विभव (आतबाहेरचा विद्युत फरक) कसे बदलते, याचा आलेख बहुधा नीट काढलेला असतो, चुकतात ती बाणांशेजारची नावे. आलेख +३० मिलिव्होल्टच्या शिखरावरून उतरू लागतो, त्या उतारावर 'सोडिअम-पोटॅशिअम पंप' असे लिहिले जाते आणि गुण जातात. ते जायलाच हवेत. तो उतार पंपाचा नसतो. सोडिअमचे चॅनेल, म्हणजे पटलातील आयनांच्या (विद्युतभारित अणूंच्या) वाटा, आपोआप मिटतात, पोटॅशिअमचे उघडतात आणि पोटॅशिअम आयन बाहेर पडल्यामुळे विभव पुन्हा −७० मिलिव्होल्टकडे घसरते. हे सारे एक-दोन मिलिसेकंदांत उरकते. प्रत्येक फेरीत तीन सोडिअम बाहेर टाकून दोन पोटॅशिअम आत घेणाऱ्या पंपाला इतका वेग झेपत नाही. आतबाहेरच्या आयनांतील तफावत दीर्घकाळ टिकवणे एवढेच त्याचे काम. विष देऊन पंप थांबवला तरी स्क्विड या समुद्री प्राण्याचा महाकाय चेतातंतू बराच वेळ संदेश नेत राहतो, कारण एका संदेशापुरते जे आयन पटल ओलांडतात ते एकूण साठ्याचा अगदी किरकोळ अंश असतात. याच तंतूवर प्रयोग करून हॉजकिन आणि हक्सली या शास्त्रज्ञांनी १९५२ मध्ये या घडामोडीचे गणित मांडले.

चेतना (उद्दीपन) तीव्र झाली की आलेखाची उंची वाढते, असेही लिहू नये. उंची तीच राहते, संदेशांची संख्या वाढते.

चॅनेल वेळेवर मिटले नाहीत तर काय होते, हे विदर्भातल्या विद्यार्थ्याला शेतातच दिसते. कपाशीवर सायपरमेथ्रिन हे कीटकनाशक फवारताना तुषार गालावर उडाले, तर काही वेळाने तेथे मुंग्या येतात आणि चुरचुरते. हे औषध सोडिअमचे चॅनेल लवकर मिटू देत नाही, त्यामुळे त्वचेतील चेतातंतू विनाकारण पुन्हा पुन्हा संदेश पाठवतात. बोंडअळी तडफडून लुळी पडते तीही याच कारणाने. लाल विंचवाच्या विषातील काही घटकही याच चॅनेलचे मिटणे लांबवतात.

मात्र फवारणीचे प्रत्येक औषध चॅनेलवरच काम करते, असे समजणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. मोनोक्रोटोफॉस चॅनेलला हात लावत नाही. ते अ‍ॅसिटिलकोलीन (एका चेतापेशीचा संदेश पुढच्या पेशीला पोचवणारे रसायन) मोडणारे विकर निकामी करते. त्या विषबाधेवर अ‍ॅट्रोपिन देतात, सायपरमेथ्रिनच्या विषबाधेवर तो उतारा नव्हे. म्हणून रुग्णाला दवाखान्यात नेताना औषधाचा डबा, निदान त्यावरचे लेबल तरी, सोबत न्यावे.