उसनी किंवा भाड्याची गाडी घेताय? विम्याच्या या चुका टाळा

त्र्यंबकला किंवा वणीच्या गडावर जायला मावसभावाची गाडी मागितली, की ‘दोन दिवसांचा इन्शुरन्स मिळतो का?’ अशी शोधाशोध सुरू होते. इंग्लंडात तशी पॉलिसी मिळते. आपल्याकडे विमा असतो गाडीचा आणि मालकाच्या नावाचा. वैध लायसन्स असलेला कोणीही मालकाच्या परवानगीने गाडी चालवत असेल, तर तीच पॉलिसी लागू होते. म्हणून नवीन पॉलिसी शोधण्याऐवजी आहे ती उघडून वाचा.

फक्त तारीख पाहणे. सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला थर्ड पार्टी विमा (आपल्या गाडीमुळे दुसऱ्यांच्या झालेल्या नुकसानीचा) ३ वर्षांचा असतो, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा म्हणजे ‘ओन डॅमेज’ विमा बहुधा एकाच वर्षाचा. ॲपवर विमा चालू दिसला, तरी ओन डॅमेज संपलेला असू शकतो. नुसत्या थर्ड पार्टीवर गाडीत बसलेल्या मित्रांनाही संरक्षण नसते. पॉलिसी ‘पे ॲज यू ड्राइव्ह’, म्हणजे ठरलेल्या किलोमीटरपुरती, असेल तर किलोमीटरची मर्यादाही विचारा. समृद्धीवरून नागपूरला जाऊन आलात, की ती सहज ओलांडली जाते.

पांढऱ्या प्लेटची, म्हणजे खासगी गाडी भाड्याने घेणे. सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच. खासगी कारच्या पॉलिसीत भाड्याने वापर स्पष्टपणे वगळलेला असतो. ‘ओळखीतली गाडी आहे’ असे सांगून भागत नाही, कारण यूपीआयचा व्यवहार आणि व्हॉट्सॲपवरचे भाड्याचे बोलणे तपासात निघते. क्लेम नाकारला की मालक तुमच्याकडेच वसुलीला येतो. सेल्फ ड्राइव्हची अधिकृत गाडी काळ्या प्लेटवर पिवळ्या अक्षरांची असते. सिंहस्थाच्या गर्दीत गाड्या मिळेनाशा झाल्या, तरी हा नियम सोडू नका.

‘डॅमेज प्रोटेक्शन’ला विमा समजणे. भाड्याच्या कंपनीचा तो तुमच्याशी असलेला करार आहे: नुकसान झाल्यास तुमच्याकडून जास्तीत जास्त किती घ्यायचे, एवढाच. टायर, काच, गाडीची खालची बाजू सहसा त्यात नसते. मर्यादेची रक्कम लेखी घ्या. गाडी ताब्यात घेताना चारही बाजू, छत, चाके आणि मीटरचा व्हिडिओ उजेडात काढा.

किरकोळ घासल्यावर क्लेम करणे. झिरो डेप (घसारा न कापण्याचे जादा संरक्षण) नसेल तर प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा, म्हणजे वापराने घटलेली किंमत, कापतात. समजा बंपर ८,००० रुपयांचा आहे. ४,००० धरले जातात, त्यातून १,००० सक्तीची वजावट (१५०० सीसीपर्यंत), हाती ३,०००. त्यासाठी मालकाचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जातो, आणि तो ५० टक्क्यांपर्यंत असू शकतो. खिशातून भरा, नाते टिकेल.

स्वतःचा विचार न करणे. पॉलिसीतला १५ लाखांचा अपघात विमा मालक-चालकासाठी असतो, गाडी मागून नेणाऱ्यासाठी नाही. वेगळे काही घ्यायचेच, तर स्वतःच्या नावाची वैयक्तिक अपघात पॉलिसी घ्या.

वाइनरीतून परतताना प्यायलेल्याने स्टिअरिंग धरले, तर ओन डॅमेज क्लेम गेलाच. पावसात गाडी पाण्यात बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका, इंजिनचे ॲड-ऑन (जादा संरक्षण) नसेल तर तो खर्च मिळत नाही.

अपघात झालाच तर विमा कंपनीला मालकाकरवी लगेच कळवा आणि नुकसान तपासणारा सर्व्हेअर पाहीपर्यंत दुरुस्ती सुरू करू नका. क्लेम फॉर्मवर चालकाच्या रकान्यात ‘सोपे जाईल’ म्हणून मालकाचे नाव टाकू नका. एफआयआर, दवाखान्याचे कागद आणि सीसीटीव्ही यांतून खरे नाव पुढे येते, आणि मंजूर होणारा क्लेमही खोट्या माहितीमुळे फेटाळला जातो.