ड्रायव्हर थकलाय का, ते फोनवरच्या आवाजावरून कसं ओळखायचं

गळीत हंगामात उसाचे ट्रॅक्टर रात्रभर पळतेत आणि "झोप आली का मामा" विचारलं तर कुणीच हो म्हणत नाही, कारण खेप बुडती. म्हणून आवाज ऐकायला शिका.

आधी माणूस झोपून ताजा असताना त्याची व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट घेऊन ठेवा. वाक्य रोज एकच: ट्रॅक्टरचा नंबर, फड (ऊसतोडीचं रान) कुणाचा, निघणार किती वाजता. तुलना त्याची त्याच्याशीच करायची, एखादा मुळातच संथ बोलतो, त्याला थकलेला समजू नका. तोंडात गुटखा असला की बोलणं जड येतंच, तेव्हा थुंकून मग बोला म्हणायचं. सर्दी असली तर आवाजावर भरवसा ठेवू नका.

रात्री फड सोडायच्या आधी तीच नोट मागा, चालू गाडीत फोन अजिबात नको. थकलेला माणूस शब्दाशब्दाला थांबतो, आवाजातला चढउतार जातो, सगळं एका सुरात येतं, वाक्याचा शेवट गिळतो. मग फोन करून विचार करावा लागंल असं काहीतरी विचारा, "कारखान्याच्या वजनकाट्यावर आपल्या पुढं किती गाड्या असतील?" ताजा माणूस लगेच "धा-बारा तरी असतील बघा" म्हणतो, थकलेला "हां? काय म्हणले?" करतो. मागच्या हंगामात पहाटे तीनला एका मामांनी दोनदा नुसतं "हं" केलं, मी ठीकय म्हणून फोन ठेवला, अर्ध्या तासात ट्रॉली चारीत. मामा वाचले, पण तेव्हापासून "हं" ला मी उत्तर मानत नाही.

आवाज चांगला आला तरी किती तास जागा आहे ते विचाराच. सलग 17 तास जागलेल्या माणसाचं काम रक्तात 0.05 टक्के दारू असल्यासारखं बिघडतं हे 1997 च्या संशोधनात मोजलेलं आहे, आणि आपल्याकडं गाडी चालवायला कायद्याची मर्यादा 0.03 ची. त्यात पहाटे दोन ते पाच झोप सगळ्यात जास्त दाटती.

शंका आली की गाडी लावा. चहा पिऊन लगेच वीस मिनिटं आडवं व्हायचं, चहाचा असर चढायला तेवढा वेळ लागतोच, उठल्यावर तोंड धुऊन थोडं फिरायचं, आणि परत तीच नोट. तरी आवाज तसाच असंल तर रात्रीची खेप रद्द, दुसरा ड्रायव्हर बघा. आणि त्यापायी त्याचे पैसे कापू नका, एकदा कापले की पुढच्या वेळी तो आवाज ताणून बोलणार.