विश्वामित्रीतल्या मगरी: अभ्यासाला उतरणाऱ्या नव्यांसाठी

हिवाळ्यात सकाळी अकराच्या सुमाराला काळाघोड्याच्या पुलावरून खाली पाहिलं, की काठाच्या चिखलात पसरलेली एखादी मगर बहुधा दिसतेच. बडोद्यात वाढलेल्यांना त्याचं नवल नाही. म्हणूनच इथे अभ्यासाला सुरुवात करणारे एक चूक हमखास करतात: दिसल्या तेवढ्या मगरी नदीत आहेत असं धरून चालतात. जी दिसते ती ऊन खायला वर आलेली असते. बाकीच्या पाण्याखाली, बिळात, जलपर्णीच्या आड असतात. त्या बाकीच्यांचा अंदाज बांधायला शिकणं, यातच पहिलं वर्ष जातं.

आधी नदी समजून घ्या. विश्वामित्री पावागढच्या डोंगरात उगम पावते, शहराच्या मधून वळणं घेत जाते, पुढे ढाढर नदीला मिळते आणि ते पाणी खंभातच्या आखातात जातं. शहरात तिला कोतरं (घळी) आणि कांस (पाणी वाहून नेणारे नाले) येऊन मिळतात; विद्यापीठाच्या आवारातून जाणारी भूखी कांस त्यांतलीच. मगर इथे टिकली त्याची कारणं साधी आहेत. काठाची माती मऊ, म्हणून बीळ आणि अंड्यांचा खड्डा खणता येतो. सांडपाण्यामुळे उन्हाळ्यातही डोह आटत नाहीत. खायला मासे, पक्षी, मेलेली जनावरं, भटकी कुत्री, डुकरं आणि कोंबडीच्या दुकानांतून फेकलेला कचरा. यांतलं एखादं कारण जिथे तुटतं, उदाहरणार्थ काठाला काँक्रीटची भिंत येते, तिथे मगर दिसली तरी ती जाता-येता दिसलेली असण्याची शक्यता जास्त. वीण तिथे होत नाही. नकाशावर पहिल्या दिवसापासून ‘मातीचा उतार’ आणि ‘बांधलेला काठ’ असे दोन रंग ठेवा.

नावाचा गोंधळही सुरुवातीलाच मिटवा. मराठीत सुसर हा शब्द कुठे मगरीला वापरतात, कुठे चंबळच्या घडियालाला. भारतात मगर, घडियाल आणि खाऱ्या पाण्यातली मगर अशा तीन जाती आहेत. विश्वामित्रीत फक्त पहिली, क्रोकोडायलस पालुस्ट्रिस. नोंदीत शास्त्रीय नावच लिहा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ती पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या यादीत आहे. त्या कायद्यातल्या ‘शिकार’ या शब्दात पकडणंही येतं. त्यामुळे मगर पकडायची, तिच्या अंगावर ओळखीची खूण करायची किंवा अंड्यांना हात लावायचा तर संशोधनासाठी कलम १२ खाली लेखी परवानगी लागते. पुलावरून दुर्बीण लावायला ती लागत नाही. तरी काठावर उतरण्याआधी, आणि रात्रीच्या कामाआधी तर नक्कीच, वन विभागाला कळवा. रात्री नदीकाठी टॉर्च घेऊन फिरणाऱ्यांकडे पोलीस आणि सोसायटीवाले दोघेही संशयाने पाहतात.

आता मोजणी. नवख्यांनी दिवसाच्या मोजणीपासून सुरुवात करावी, तीही डिसेंबर ते फेब्रुवारीत. थंड रात्रीनंतर स्वच्छ ऊन पडलं की मगरी दहा ते तीनच्या दरम्यान काठावर येतात, कारण शरीर तापवायला त्यांना बाहेरची ऊब लागते. ढग आले, वारा सुटला किंवा मार्च उजाडला, की तीच नदी रिकामी वाटू लागते. नदीचे एक-एक किलोमीटरचे तुकडे पाडा, त्यांना कायमचे क्रमांक द्या, आणि प्रत्येक तुकडा हंगामात निदान तीनदा, सारख्याच वेळी चाला. प्रत्येक फेरीला हवेचं तापमान, पाण्याचं तापमान, ढग, वारा, पाण्याची पातळी, सुरुवात आणि शेवटची वेळ लिहा. पातळीसाठी पुलाच्या एकाच खांबावरची एक खूण ठरवून ठेवा. एकही मगर न दिसलेली फेरी तितक्याच काळजीने लिहा. नव्यांच्या वह्यांत ‘शून्य’ हा आकडा सापडत नाही, आणि त्यामुळे त्यांचं सरासरीचं गणित फुगतं.

दोघांनी मोजायचं असेल तर एकमेकांशी न बोलता मोजा, आणि शेवटी नकाशे जुळवा. समजा एकाला १२ दिसल्या, दुसऱ्याला १०, आणि त्यांतल्या ८ दोघांनाही दिसल्या. १२ गुणिले १० भागिले ८, म्हणजे सुमारे १५ मगरी त्या वेळी काठावर होत्या असा अंदाज निघतो. एकट्याच्या १२ पेक्षा हा बरा. पण जी मगर त्या वेळी पाण्याखाली होती ती दोघांनाही दिसली नाही, म्हणून ती या १५ मध्येही नाही. शांत मगर दहा-पंधरा मिनिटं सहज बुडून राहते, घाबरलेली तासभरही राहू शकते. ‘मोजणीत १५ आढळल्या’ आणि ‘नदीत १५ आहेत’ या दोन वाक्यांतलं अंतर अहवालात स्पष्ट दिसलं पाहिजे. वर्तमानपत्रवाले ते गाळतात, तुम्ही गाळू नका.

रात्रीची मोजणी डोळ्यांच्या चमकेवर चालते. मगरीच्या डोळ्यामागे प्रकाश परतवणारा थर असतो. टॉर्चच्या उजेडात डोळा निखाऱ्यासारखा तांबडा-नारिंगी दिसतो. टॉर्च स्वतःच्या डोळ्यांच्या रेषेत, कपाळावर किंवा गालाशी धरा. कमरेशी धरली तर परतणारा प्रकाश तुमच्या डोळ्यांपर्यंत येत नाही आणि शेजारचा माणूस दाखवतो ती मगर तुम्हाला दिसत नाही. अमावास्येच्या आसपासच्या रात्री निवडा. कुत्री आणि गुरं यांचे डोळेही चमकतात, पण बहुधा हिरवट-पिवळे आणि जमिनीपासून उंच. काठावरच्या गवतातले बारीक हिरवे ठिपके कोळ्यांचे असतात. मगर समोरून असेल तर दोन ठिणग्या, बाजूने असेल तर एक. लांबी कळण्याइतकं जवळ जाता आलं नाही तर ‘फक्त डोळे’ असाच रकाना भरा. अंदाजे लांबी ठोकून देणं हा या कामातला सर्वांत मोठा अप्रामाणिकपणा आहे, आणि तो बहुतेक वेळा दमलेल्या माणसाकडून होतो.

लांबीसाठी डोक्याचा आधार घ्या. नाकाच्या टोकापासून कवटीच्या मागच्या कडेपर्यंतची लांबी साधारण सातपट केली की एकूण लांबीच्या जवळपास आकडा येतो. ४० सेंटिमीटरचं डोकं म्हणजे सुमारे २.८ मीटरची मगर. हात बसेपर्यंत प्राणिसंग्रहालयातल्या मगरींवर सराव करा, सयाजीबागेत त्यासाठी अनेक रविवार घालवा. सुरुवातीला सगळेच लांबी जास्त सांगतात. नदीत नोंद करताना चार गट पुरेत: पिल्लू, १ मीटरच्या आत, १ ते २ मीटर, २ मीटरच्या वर. मादी साधारण १.८ ते २ मीटरला वयात येते, म्हणून शेवटची रेघ तिथे.

मगर न दिसताही बरंच वाचता येतं. चिखलात पुढच्या पायाचे पाच बोटांचे ठसे, मागच्याचे चार, आणि मधून शेपटीचा ओरखडा. विष्ठा वाळली की खडूसारखी पांढरी होते. ती फोडून केस, पिसं, किड्यांची कवचं वेगळी करता येतात. इथे एक सापळा आहे. मगरीच्या पोटात हाडं आणि मासे जवळजवळ पूर्ण विरघळतात, केस आणि पिसं मात्र उरतात. त्यामुळे विष्ठेवरून ‘ही मगर कुत्र्यांवरच जगते’ असा निष्कर्ष काढणं सोपं आणि बहुधा चुकीचं.

मादी फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये काठाच्या उतारावर खड्डा खणून साधारण २५ ते ३० अंडी घालते. दोन-अडीच महिन्यांनी, म्हणजे पावसाच्या तोंडाशी, पिल्लं निघतात. पिल्लांचं लिंग खड्ड्यातल्या उष्णतेवर ठरतं: ३१ अंशांपर्यंत माद्या, ३२.५ च्या सुमाराला नर, त्याहून वर पुन्हा दोन्ही. अर्ध्या-एक अंशाचा फरक एवढा मोठा असल्याने तापमापक खड्ड्याच्या कोणत्या खोलीवर ठेवला हे लिहिलं नाही तर ती नोंद निरुपयोगी. अंडी हलवायची वेळ आलीच (परवानगीनेच), तर वरच्या बाजूला पेन्सिलने खूण करा आणि तीच बाजू वर राहील असं उचला. पहिल्या दिवसानंतर अंडं उलटं झालं तर कवचाला चिकटलेला गर्भ मरतो. निरीक्षण शक्यतो समोरच्या काठावरून करा. मादी आसपासच असते, आणि पिल्लांचा आवाज ऐकून तीच खड्डा उकरते. घोरपड, मुंगूस आणि कुत्री तुमच्या पायवाटेचा माग काढत खड्ड्यापर्यंत पोचतात, म्हणून रोज त्याच वाटेने जाऊ नका.

धोक्याबद्दल सरळ बोलू. तोंड उघडं टाकून पडलेली मगर चिडलेली नसते, ती अंग थंड करत असते. धोका असतो न दिसणाऱ्या मगरीपासून, आणि तो पाण्याच्या कडेला असतो. पाण्यापासून निदान ५ मीटर दूर राहा. नमुना हवा असेल तर लांब काठीला बांधलेला डबा वापरा. कडेला उकिडवं बसू नका, एकाच जागी रोज एकाच वेळी जाऊ नका, एकटं तर कधीच जाऊ नका. मार्च ते जून या काळात बिळांच्या आणि खड्ड्यांच्या वर उभं राहू नका, मादी फुत्कारून धावून येते. मगरीइतकीच काळजी बाकीच्या गोष्टींची घ्या: घोणस आणि नाग, फुटक्या बाटल्या, आणि सांडपाणी. धनुर्वाताचं इंजेक्शन वेळच्या वेळी, जाड गमबूट नेहमी. पुराच्या पाण्यातून ताप आला तर डॉक्टरांना नदीच्या कामाबद्दल आणि लेप्टोस्पायरोसिसच्या शक्यतेबद्दल आपणहून सांगा.

पावसाळ्यात मगरी सोसायट्यांत येतात. २०१९ आणि २०२४ च्या पुरांत सगळ्या शहराने ते पाहिलं. नवख्यांना वाटतं की मगर पकडणं म्हणजे मगरीचा अभ्यास. पकडण्याचं काम वन विभागाच्या आणि त्यांच्यासोबतच्या अनुभवी स्वयंसेवकांच्या हाती राहू द्या. तुमचं काम त्यांच्या मागे उभं राहून नोंद करण्याचं: जागा, वेळ, लांबी, शक्य असल्यास लिंग, जखमा, त्या दिवशीची पाण्याची पातळी, आणि कुठे सोडली. जबडा मिटवणारे स्नायू प्रचंड ताकदीचे, उघडणारे कमजोर. म्हणून चिकटपट्टीने तोंड बांधता येतं, पण नाकपुड्या उघड्या राहिल्या आहेत ना हे कुणीतरी बघत राहिलं पाहिजे. डोळ्यांवर ओलं कापड टाकलं की जनावर शांत होतं. फास लावून बराच वेळ झुंजवलेली मगर पाण्यात सोडल्यावर व्यवस्थित पोहत गेलेली दिसते आणि नंतर मरते, कारण श्रमाने रक्तात आम्ल साचतं. त्यामुळे फास पडला ती वेळ आणि सोडल्याची वेळ, दोन्ही लिहा. दूर नेऊन सोडणं हा उपायही फसवा आहे. ऑस्ट्रेलियात दूर नेलेली खाऱ्या पाण्यातली एक मगर ४०० किलोमीटरहून जास्त पोहून आपल्या जागी परतली होती.

काठावरच्या लोकांशी बोलायला गुजराती हवी, आणि ती बडोद्यातल्या मराठी घरातल्या मुलांना येतेच. पहिला प्रश्न ‘मगर त्रास देते का?’ असा टाकू नका. मासे कुठे लागतात, कपडे कुठे धुतात, गुरं कुठे पाण्यावर नेतात, हे विचारा. उत्तरांतून मगरीचा नकाशा आपोआप निघतो. बऱ्याच घरांत मगर हे खोडियार मातेचं वाहन आहे. चरोतरमधल्या (आणंद-खेडा भागातल्या) मलातज गावच्या तळ्याला एकदा जाऊन या. तिथली माणसं आणि मगरी एकाच काठावर कशा वावरतात हे पाहिल्याशिवाय शहरातल्या तणावाचं माप कळत नाही. त्या भागात वल्लभ विद्यानगरची व्हॉलंटरी नेचर कॉन्झर्व्हन्सी ही संस्था नागरिकांना घेऊन मगरींची मोजणी करते. पहिल्या अनुभवासाठी याहून चांगली शाळा नाही.

शिक्षणाची वाट: बी.एस्‌सी. आणि एम.एस्‌सी. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागातून करता येतं. पुढे डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि बंगळूरचं एन.सी.बी.एस. (नॅशनल सेंटर फॉर बायोलॉजिकल सायन्सेस) यांचे वन्यजीवशास्त्रातले एम.एस्‌सी. अभ्यासक्रम आहेत, दोन्हीकडे प्रवेशपरीक्षा आणि जागा मोजक्या. गांधीनगरचं गीर (GEER) फाउंडेशन ही पर्यावरण-संशोधन संस्था आणि चेन्नईजवळची, रॉम व्हिटेकर यांनी १९७६ मध्ये सुरू केलेली क्रोकोडाइल बँक, इथल्या प्रकल्पांवर लक्ष ठेवा. बडोद्याच्या मगरींवर राजू व्यास यांनी लिहिलेले शोधनिबंध आधी वाचून काढा, नाहीतर झालेलंच काम पुन्हा कराल. प्रकल्पात घेताना ‘मगरीची भीती वाटते का’ यापेक्षा ‘आर आणि क्यूजीआयएस येतं का’ (पहिलं संख्याशास्त्राचं, दुसरं नकाशांचं सॉफ्टवेअर) हे आधी विचारतात. संख्याशास्त्र टाळून या कामात येऊ पाहणाऱ्यांनी ते आत्ताच सुरू करावं.

जुन्या आकड्यांशी तुलना करताना एक तारीख लक्षात ठेवा. २०२५ च्या उन्हाळ्यात पूर आवरण्यासाठी शहरातलं पात्र रुंद आणि खोल करण्याचं मोठं काम झालं. त्याआधीची मोजणी आणि त्यानंतरची मोजणी एकाच रेषेने जोडू नका. काठ बदलला की मगर दिसण्याची शक्यताही बदलते. आणि अंड्यांच्या खड्ड्यांचे अक्षांश-रेखांश फक्त वन विभागाला आणि मार्गदर्शकाला द्या. फोनवरून फोटो पाठवण्याआधी त्यातली जागेची माहिती पुसून टाका.