घरचे व्हिडिओ सांभाळताना या चुका टाळा

फोनमधली जागा संपली की बहुतेक जण गूगल फोटोज उघडतात, मोठे व्हिडिओ निवडतात आणि डिलीट दाबतात. "क्लाउडवर आहेत ना!" सगळ्यात जास्त आठवणी याच समजुतीपायी जातात. बॅकअप चालू असताना त्या अ‍ॅपमधून काढलेला व्हिडिओ फोनमधून जातो, तसाच क्लाउडवरूनही जातो. जागाच हवी असेल तर 'फ्री अप स्पेस' वापरा, त्याने फक्त फोनमधली प्रत निघते. पण आधी बॅकअपच्या दर्जाचं सेटिंग बघा. 'स्टोरेज सेव्हर' असेल तर वर गेलेला व्हिडिओ जास्तीत जास्त 1080पी, म्हणजे फुल एचडी असतो, आणि मग फोरकेमधलं (त्याहून बारकाव्याचं) मूळ कुठेच उरत नाही. चुकून डिलीट झालं असेल तर लगेच ट्रॅश उघडा. बॅकअप झालेले व्हिडिओ तिथे 60 दिवस राहतात.

1 जून 2021 पासून गूगलवर अमर्याद फुकट जागा मिळत नाही. जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज मिळून 15 जीबी, त्यातच अँड्रॉइडवरचा व्हॉट्सअ‍ॅप बॅकअप. आयफोनवर फोरके, सेकंदाला 60 फ्रेमने शूट केलं तर मिनिटाला साधारण 400 एमबी लागतात, म्हणजे 15 जीबी चाळीस मिनिटांच्या आत संपते. आरतीला किंवा गडकरी रंगायतनमधल्या स्नेहसंमेलनाला 1080पी, 30 फ्रेम भरपूर झालं. तिथे मिनिटाला साधारण 60 एमबीच लागतात.

सोसायटीच्या ग्रुपवर आलेला विसर्जनाचा व्हिडिओ म्हणजे मूळ नव्हे. व्हॉट्सअ‍ॅप तो दाबून लहान करतं. ज्याने शूट केलं त्याला हक्काने सांगा, "दादा, डॉक्युमेंट म्हणून टाक ना." 2 जीबीपर्यंतची फाइल तशीच्या तशी येते.

मंडळांनी तर फार जपायला हवं. फेसबुकवरचं लाइव्ह फेब्रुवारी 2025 पासून 30 दिवसच टिकतं. पाडव्याच्या स्वागतयात्रेचं लाइव्ह केलंत तर त्याच आठवड्यात उतरवून घ्या. यूट्यूब दाखवायला उत्तम, पण स्वतःचाच व्हिडिओ यूट्यूब स्टुडिओतून परत डाउनलोड केला तर मूळ दर्जा मिळत नाही. मूळ फाइल आपल्याकडेच हवी.

आता लग्नाचा पेनड्राइव्ह. टीव्हीला लावला, आवाज येतो पण चित्र नाही? फाइल बहुधा एच.265 या व्हिडिओ दाबून साठवायच्या नव्या पद्धतीतली असते आणि जुन्या टीव्हीला ती वाचता येत नाही. लॅपटॉपवर व्हीएलसी या प्लेअरमध्ये लावून बघा. चालली तर फाइल धड आहे, फोटोग्राफरकडून एच.264 या जुन्या पद्धतीतली प्रत मागून घ्या आणि आधीचीही ठेवा. पेनड्राइव्हमध्ये जागा असूनही मोठी फाइल कॉपी होत नसेल तर तो बहुधा फॅट32 या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला आहे, त्यात 4 जीबीहून मोठी फाइल बसत नाही. एक्सफॅट या नव्या पद्धतीने फॉरमॅट करा, पण त्याआधी आतलं सगळं दुसरीकडे काढा.

एकाच हार्ड डिस्कवर भिस्त ठेवू नका. एक डिस्क ठाण्यात, दुसरी नेरुळच्या ताईकडे, तिसरी प्रत क्लाउडवर, असं असावं. एसएसडी, म्हणजे चिपवर साठवणारी डिस्क, वर्षानुवर्षं कपाटात बंद ठेवण्यासाठी नसते, तिला अधूनमधून वीज लागते. जुन्या व्हीएचएस कॅसेटवर आपल्या दमट हवेने पांढरी बुरशी धरली असेल तर व्हीसीआरमध्ये घालू नका, फीत तुटेल आणि हेडही खराब होईल. आधी जाणकाराकडून साफ करून घ्या, मग लगेच डिजिटल करा. व्हीसीआर बनवणाऱ्या फुनाई या शेवटच्या कंपनीनेही जुलै 2016 मध्ये ते बनवणं थांबवलं, त्यामुळे चालू स्थितीतली यंत्रं दरवर्षी कमीच होणार.

क्लाउडवर प्रत ठेवलीत. पण खातंच बंद पडलं तर? दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक गूगल खातं आतल्या व्हिडिओंसकट काढून टाकलं जाऊ शकतं. आजोबा गेल्यावर त्यांचा फोन बंद करून ठेवतात, तेव्हा हे कुणाच्या ध्यानीमनीही नसतं. गूगलच्या 'इनअ‍ॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर'मध्ये घरातल्या विश्वासाच्या माणसाचं नाव आधीच घालता येतं. किती महिने वाट पाहायची तेही ठरवता येतं, 3 ते 18. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या शेजारी बसून, त्यांना विचारून, हे त्यांच्याच फोनवर करून द्या.