प्लासेन्शियातील निवांत सुट्टीचे नियोजन

मध्य अमेरिकेतील बेलीझ या लहानशा देशाच्या दक्षिण भागात, साधारण पंचवीस किलोमीटर लांबीची एक चिंचोळी भूपट्टी कॅरिबियन समुद्राच्या कडेने खाली उतरत जाते. तिच्या पूर्वेला समुद्र, पश्चिमेला खारफुटीने वेढलेले खाजण आणि अगदी दक्षिण टोकाला प्लासेन्शिया हे मूळचे मच्छीमारांचे गाव आहे. गावाचा जुना मुख्य रस्ता म्हणजे वाळूतून गेलेला जेमतेम चार फूट रुंदीचा काँक्रीटचा पदपथ होय. मासळीच्या हातगाड्या वाळूत रुतू नयेत म्हणून तो बांधला गेला आणि जगातील सर्वांत अरुंद मुख्य रस्ता म्हणून त्याचा लौकिक झाला. त्याच्या दोन्ही अंगांना खांबांवर उभारलेली रंगीत लाकडी घरे, लहान खाणावळी आणि हस्तकलेची दुकाने आहेत. समोरून माणूस आला की एकाला अंग चोरून उभे राहावे लागते आणि तेवढ्यात ‘गुड मॉर्निंग’ म्हणून होते. बेलीझमध्ये हे अभिवादन मनापासून पाळले जाते. दुकानात शिरल्याबरोबर थेट वस्तूची किंमत विचारणे तेथे उद्धटपणाचे वाटते.

अशा गावी जायचे, तर नियोजनाचा हेतू आधी स्पष्ट असावा. कोणत्या काळात जायचे, कसे पोहोचायचे, कोणत्या भागात राहायचे आणि पैशांची सोय काय, एवढे निर्णय घरूनच पक्के करावेत. उरलेले दिवस मात्र जाणूनबुजून मोकळे सोडावेत. प्रत्येक दिवसाला एक सहल बांधून टाकली, तर प्लासेन्शियाला जाण्याचे मुख्य कारणच हातचे निसटते, असे माझे स्पष्ट मत आहे.

काळाचा विचार सर्वांत आधी करावा. फेब्रुवारी ते मे हे कोरडे महिने असून त्यांतही फेब्रुवारी आणि मार्च अधिक सुखकर असतात, कारण एप्रिल-मेमध्ये उष्मा वाढतो. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडून थंड वारे येतात. तेव्हा समुद्र एक-दोन दिवस खवळलेला राहतो आणि बोटी बंद ठेवाव्या लागतात. १ जून ते ३० नोव्हेंबर हा अटलांटिक चक्रीवादळांचा अधिकृत हंगाम आहे आणि ८ ऑक्टोबर २००१ रोजी ‘आयरिस’ या चक्रीवादळाने याच गावाची अपरिमित हानी केली होती. त्यामुळे पावसाळ्यात खोल्या स्वस्त मिळत असल्या, तरी सप्टेंबर-ऑक्टोबर टाळावेत आणि जून-जुलैत जायचे असल्यास प्रवास विमा अवश्य घ्यावा. ईस्टरच्या आठवड्यात बेलीझमधील कुटुंबेच मोठ्या संख्येने येथे येत असल्याने, शांतता हवी असणाऱ्याने ते दिवस वगळावेत.

या कालगणनेत सरगॅसम नावाच्या तपकिरी तरंगत्या शैवालाचाही विचार करावा लागतो. २०११ पासून कॅरिबियन किनाऱ्यांवर त्याचे प्रचंड थर येऊ लागले असून वसंतापासून उन्हाळ्याच्या अखेरीपर्यंत त्याचे प्रमाण अधिक असते. किनाऱ्यावर साचून कुजू लागले की त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो आणि पाण्यात उतरण्याची इच्छा राहत नाही. वारा आणि प्रवाह यांवर सारे अवलंबून असल्याने, खोली आरक्षित करताना हॉटेलच्या छायाचित्रांवर विसंबू नये. आपल्या किनाऱ्याची सफाई रोज होते का आणि पोहण्याचा तलाव आहे का, हे पत्राने विचारून घ्यावे.

पोहोचण्याचा मार्ग आखताना घाई करू नये. आंतरराष्ट्रीय विमाने बेलीझ सिटीजवळील फिलिप गोल्डसन विमानतळावर उतरतात. तेथूनच ट्रॉपिक एअर आणि माया आयलंड एअर यांची लहान विमाने निघतात आणि पाऊण तासाच्या आत प्लासेन्शियाच्या धावपट्टीवर पोहोचवतात. ही विमाने दिवसाउजेडीच उडत असल्याने, आपले मोठे विमान दुपारी उशिरा पोहोचत असेल तर पहिली रात्र बेलीझ सिटीतच काढण्याची तयारी ठेवावी. रस्त्याने गेल्यास मोटारीला साधारण तीन तास लागतात. बेलमोपान ओलांडल्यावर लागणारा हमिंगबर्ड महामार्ग संत्र्यांच्या बागांतून आणि माया पर्वताच्या पायथ्यावरून जातो आणि ज्यांना वेळ आहे त्यांनी जाताना नाही तरी येताना तो मार्ग अवश्य घ्यावा. सार्वजनिक बस स्वस्त असली तरी बराच अधिक वेळ घेते. दक्षिणेकडून येणाऱ्यांना इंडिपेन्डन्स गावातून खारफुटीतून जाणारी प्रवासी बोटही मिळते.

भारतीय पारपत्रावर प्रवास करणाऱ्यांनी व्हिसाचे काम तिकिटाआधी हाती घ्यावे. बहुतेक सोयीची विमाने अमेरिकेतील शहरांतून येतात आणि अमेरिकेत केवळ विमान बदलायचे असले तरी तेथील व्हिसा लागतो. बेलीझच्या प्रवेशाचे नियम आणि त्यांतील सवलती वेळोवेळी बदलत असल्याने, त्यांची खात्री त्या देशाच्या इमिग्रेशन विभागाकडूनच करून घ्यावी.

राहण्याची जागा निवडताना भूपट्टीचे तीन भाग ध्यानात घ्यावेत. उत्तरेकडील माया बीच भागात पुळण रिकामी आणि घरे विरळ आहेत, परंतु प्रत्येक जेवणासाठी वाहन लागते. मध्यावरील सेन बाइट हे गारिफुना, म्हणजे आफ्रिकी आणि मूळ कॅरिबियन वंशांच्या मिश्रणातून घडलेल्या समाजाचे गाव आहे. या समाजाची भाषा, नृत्य आणि संगीत यांना युनेस्कोने मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले असून १९ नोव्हेंबरचा गारिफुना वसाहत दिन तेथे ढोलांच्या गजरात साजरा होतो. पहिल्यांदा जाणाऱ्याने मात्र प्लासेन्शिया गावातच, पदपथालगत किंवा त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर खोली घ्यावी. समुद्र, खाणावळ, किराणा आणि बोटींचा धक्का हे सारे पायी गाठता येते आणि सुट्टीतील अर्धी दगदग तेथेच संपते. फार तर एक सायकल भाड्याने घ्यावी.

पैशांची बाब सोपी असली तरी तिच्यात एक खाच आहे. दोन बेलीझ डॉलर म्हणजे एक अमेरिकी डॉलर हा दर अनेक दशके स्थिर असून दोन्ही चलने सर्रास चालतात. पाटीवर केवळ डॉलरचे चिन्ह आणि आकडा असतो. म्हणून होडी, सहल किंवा टॅक्सी ठरवताना आकडा कोणत्या डॉलरमध्ये आहे, हे आधी विचारून घ्यावे, अन्यथा खर्चाचा अंदाज एकदम दुप्पट चुकतो. खोलीच्या दरावर ९ टक्के हॉटेल कर आणि इतर बहुतेक सेवांवर १२.५ टक्के विक्रीकर लागतो, त्यामुळे सांगितलेला दर करांसह आहे का, तेही त्याच वेळी विचारावे.

आता समुद्राकडे वळू. बेलीझची प्रवाळभिंत १९९६ पासून जागतिक वारसा आहे. उत्तरेकडील अँबरग्रिस बेटावरून ती अगदी जवळ दिसते, परंतु प्लासेन्शियापासून ती तीस किलोमीटरहून अधिक दूर आहे. त्यामुळे गावाजवळचे पाणी बहुधा शांत आणि उथळ राहते, तथापि प्रवाळ पाहायचे तर सबंध दिवस द्यावा लागतो आणि तो दिवस वाऱ्यावर अवलंबून असतो. माझा सल्ला असा, की मुक्कामाच्या पहिल्या निम्म्या भागातच एक समुद्रसहल करावी, म्हणजे हवामानाने ती रद्द झाली तरी पुढे दिवस शिल्लक राहतात. लाफिंग बर्ड बेट हे राष्ट्रीय उद्यान सुमारे अठरा किलोमीटरवर आहे आणि स्नॉर्केलिंग, म्हणजे तोंडात श्वासनळी धरून पाण्याच्या पृष्ठभागावरून खालचे प्रवाळ पाहणे, नुकतेच शिकणाऱ्यांसाठी तेच योग्य, कारण बेटाच्या वाळूवरून थेट पाण्यात उतरता येते. मार्च ते जून या काळात, पौर्णिमेच्या आसपास, प्रवाळभिंतीवरील ग्लॅडन स्पिट येथे स्नॅपर मासे अंडी घालण्यासाठी जमतात आणि ती खाण्यासाठी व्हेल शार्क येतात. हे दृश्य ज्यांना पाहायचेच आहे त्यांनी आधी चंद्राचे पंचांग पाहावे आणि मगच विमानाचे तिकीट काढावे. तरीही दर्शनाची हमी कोणी देऊ शकत नाही. सूर्यापासून बचावासाठी मलमापेक्षा लांब बाह्यांचा पोहण्याचा सदरा बरा, कारण मलमातील ऑक्सिबेन्झोन हे रसायन प्रवाळाला हानिकारक ठरते.

किनाऱ्यावरील मोकळ्या दिवसांसाठी वेगळा कार्यक्रम लागत नाही. पहाटे कायाक, म्हणजे वल्ह्याची चिंचोळी होडी घेऊन खाजणात शिरावे. वारा पडलेला असतो, पाणी काचेसारखे स्थिर असते आणि नशीब असेल तर मॅनाटी नावाचा अवजड, शाकाहारी जलचर श्वासासाठी नाक तेवढे वर काढताना दिसतो. कायाक चालवणाऱ्याने त्याच्या मागे लागू नये, जागच्या जागी थांबावे. डोंगराची ओढ असणाऱ्यांनी कॉक्सकोम्ब खोऱ्यातील जग्वार अभयारण्याची एक सहल करावी, मात्र तेथे जग्वारच्या पाऊलखुणांवरच समाधान मानण्याची तयारी असावी. सकाळी आणि संध्याकाळी वारा पडला की पुळणीवर वाळूमाश्या चावतात. त्यांचा दंश कित्येक दिवस खाजत राहतो. त्यासाठी मच्छररोधक मलम आणि सैल सुती पायजमा बरोबर असावा आणि खोलीला जाळ्या आहेत ना, हे पाहावे.

खाण्यापिण्यात आनंद भरपूर आहे. न्याहारीला फ्राय जॅक मिळतात. ही मैद्याची तळलेली पोळी पुरीसारखी टम्म फुगते आणि ती उसळ, अंडी किंवा चीजबरोबर खाल्ली जाते. दुपारी नारळाच्या दुधात शिजवलेला राजमा-भात आणि शेंद्रीच्या वाटणातील कोंबडी, तर सेन बाइटकडे हुदुत, म्हणजे भाजीची केळी कुटून केलेला गोळा आणि नारळाच्या रश्शातील मासा मिळतो. शाकाहारी व्यक्तीने राजमा-भाताबाबतही चौकशी करावी, कारण तो शिजवताना पुष्कळदा खारवलेली डुकराची शेपटी घालतात. शेवंडीची (लॉबस्टरची) मासेमारी मार्चपासून जूनअखेरपर्यंत प्रजननासाठी बंद असते. त्या काळात कोणी ताजी शेवंड देऊ केली तर ती नाकारावी, कारण येथील मच्छीमारांची उपजीविका या बंदीवरच टिकून आहे.

परतीच्या दिवसाची आखणी आधीच करून ठेवावी. स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन खोल बुडी मारणे, केले असल्यास शेवटची बुडी आणि विमान यांत किमान अठरा तासांचे, शक्य तर पूर्ण दिवसाचे अंतर असावे. छोट्या विमानात सामानाच्या वजनावर मर्यादा असल्याने मऊ पिशवी न्यावी. प्लासेन्शियाहून सकाळचे पहिले विमान घ्यावे, कारण पावसाने ते उशिरा सुटले तरी फिलिप गोल्डसनवरील पुढचे विमान गाठण्यास पुरेसा वेळ हाती राहतो.