आईबाबांना घेऊन हवाईच्या बोटीवर : मधल्या दिवसांची तयारी

सॅन फ्रान्सिस्कोहून क्रूझने हवाईला जायचं ठरलं की सगळ्यांची यादी बेटांपासून सुरू होते. हिलोला काय बघायचं, माउईला कुठे जेवायचं. बेटांचं होतं सगळं नीट. खरी तयारी लागते मधल्या दिवसांची. सुमारे २,१०० सागरी मैल, म्हणजे जवळजवळ ३,९०० किलोमीटर पाणी कापायला बोटीला चार-साडेचार दिवस लागतात, आणि येतानाही निदान तेवढेच. पंधरा-सोळा दिवसांतले निम्म्याहून जास्त दिवस किनारा दिसतच नाही. भारतातून आलेल्या आईबाबांना नेणार असाल तर हे दिवस त्यांना जन्मभर आठवतील असे होतात, फक्त त्यांचा घरचा दिनक्रम बोटीवर चालू राहील एवढी सोय आपण करून ठेवायची.

सगळ्यात आधी, तिकीट काढण्याच्याही आधी, व्हिसा बघा. या सहलीत बोट मेक्सिकोतल्या एन्सेनादा बंदरात थांबते, कधीकधी काही तासच. १८८६ च्या एका अमेरिकन कायद्यामुळे परदेशी झेंड्याच्या बोटीला अमेरिकेतून प्रवासी घेऊन, नुसती अमेरिकन बंदरं करून परत तिथेच येता येत नाही. एक तरी परदेशी बंदर लागतं. त्यामुळे परतताना आईबाबांना पुन्हा अमेरिकेत प्रवेश घ्यावा लागतो. व्हिसा ‘मल्टिपल एन्ट्री’ आणि बोट परत लागेल त्या तारखेच्या पुढपर्यंत चालू असायला हवा. आय-९४ ची, म्हणजे अमेरिकेत आल्याच्या नोंदीची, प्रिंट पासपोर्टमध्ये ठेवा. अमेरिकेचा चालू व्हिसा असला की मेक्सिकोचा वेगळा लागत नाही. आईबाबांचा व्हिजिटर विमा बोटीवरच्या डॉक्टरला आणि बोटीवरून हलवावं लागलं तर त्या खर्चाला लागू आहे का, हेही वाचून घ्या. नसेल तर सहलीपुरता वेगळा विमा काढा. तिथे काटकसर करू नका.

खोली बोटीच्या मधोमध आणि शक्य तितक्या खालच्या मजल्यावर घ्या. सी-सॉच्या टोकांना झोका जास्त बसतो, मध्ये कमी, तसंच हे. बाल्कनीचा मोह सगळ्यांना होतो, पण वरच्या मजल्यावरच्या पुढच्या टोकाच्या बाल्कनीपेक्षा खालची मधली साधी खोली बरी, आणि लिफ्ट जवळ असली तर उत्तम.

औषधं कायम हातातल्या पिशवीत. धक्क्यावर पोर्टरकडे दिलेल्या बॅगा खोलीत यायला संध्याकाळ होते, कधी रात्र. आमच्या पहिल्या सफरीत बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या मोठ्या बॅगेत राहिल्या आणि ती बॅग आली रात्री साडेनऊला. बाबा एक शब्द बोलले नाहीत, पण कॉरिडॉरमध्ये चाकांचा आवाज आला की उठून दाराच्या भोकातून बघत होते. ती संध्याकाळ मला अजून टोचते. तेव्हापासून सगळ्या गोळ्या, आठवडाभराच्या जास्तीच्या धरून, माझ्या पर्समध्ये. इन्सुलिन असेल तर खोलीतल्या छोट्या फ्रिजवर विसंबू नका, तो नीट थंड होतोच असं नाही. औषधासाठी फ्रिज हवा म्हणून आधीच कळवा.

बोट लागण्याची गोळी, आपल्या डॉक्टरांना विचारून, त्रास व्हायच्या आधी घ्यायची. गोल्डन गेट पुलाखालून बोट जाताना सगळे डेकवर फोटो काढत असतात, आणि पूल मागे पडला की लगेच पॅसिफिकच्या लाटा लागतात. म्हणून पूल बघायला वर जाण्याआधीच गोळी पोटात हवी. या गोळ्यांनी झोप येते. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर काही गोळ्या चालत नाहीत, त्यामुळे विचारणं खरंच महत्त्वाचं. सोबत आलेपाक आणि आवळा सुपारी घ्या. निदान तोंडाला चव राहते. पोट रिकामं ठेवायचं नाही, आणि मळमळलं तर मोकळ्या हवेत क्षितिजाकडे बघत बसायचं.

आता देवपूजा. बोटीवर उघडी ज्योत अजिबात चालत नाही. निरांजन, उदबत्ती, कापूर घरीच ठेवायचा. आईला हे आधी सांगा, बोटीवर चढल्यावर नको. मी बॅटरीवरची छोटी पणती घेतली. आईने ती बाळकृष्णासमोर ठेवली, पहिल्या दिवशी जरा खट्टू झाली, आणि दुसऱ्या दिवसापासून डुलणाऱ्या टेबलावर देव सरकू नयेत म्हणून खाली ओला रुमाल अंथरायला लागली. तो रुमाल मी आता यादीतच लिहून ठेवला आहे.

किटली, इस्त्री, राइस कुकर हेही चालत नाही. सर्ज प्रोटेक्टरवाली एक्स्टेन्शन तपासणीत काढून घेतात. मग सकाळी साडेपाचचा चहा? थर्मास घ्या. बुफेजवळ गरम पाणी मिळतं, गरम दूध मागितलं की देतात, चहाची पूड आणि मसाला आपला. घरी केलेले लाडू-चिवडा बहुतेक कंपन्या चढू देत नाहीत, म्हणून बाजारातलं बंद पाकीट बघा: खाकरे, मेतकूट, चटणी. बुफेतलं फळ पिशवीत घालून बेटावर न्यायचं नाही, तिथे शेतीखात्याचे नियम कडक आहेत.

जेवणाची काळजी मात्र वाटते तेवढी करावी लागत नाही. पहिल्याच रात्री डायनिंग रूममधल्या मुख्य वेटरला शाकाहारी भारतीय जेवण हवं म्हणून सांगा. भटारखान्यात भारतीय स्वयंपाकी बऱ्याच बोटींवर असतात, आदल्या दिवशी सांगितलं की वरण, भाजी, पोळीसारखं काहीतरी येतं. वाढणाऱ्यांत गोव्याचे तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी करणारे, भेटतात, आणि एकदा का आईने ‘गाव कुठलं’ विचारलं की पुढे आपल्याला काही सांगावं लागत नाही. बुफेला जाण्याआधी हात साबणानेच धुवा. बोटीवर पसरणाऱ्या, उलट्या-जुलाब करणाऱ्या नोरोव्हायरसवर नुसतं सॅनिटायझर पुरत नाही.

न्हाणीघराला उंबरठा असतो, घोट्याच्या वर. रात्री बाबा अडखळू नयेत म्हणून प्लगमध्ये लावायचा मंद दिवा घ्या. कमोडजवळ पाण्याचा फवारा नसतो, त्यामुळे प्लास्टिकचा तांब्या हवाच. भिंती लोखंडी असतात. चुंबकाचे चार हूक घेतले की पंचे, जपमाळ, टोपी सगळं टांगता येतं. कपड्यांत स्वेटर आणि कानटोपी वर ठेवा. हवाई म्हणून सगळे सुती कपडे भरतात, पण पहिले दोन दिवस डेकवर बोचरा वारा असतो. समारंभाच्या रात्रीसाठी आईची एक पैठणी आणि सपाट चपला.

चढल्या दिवशी सुरक्षेची कवायत असते. सात आखूड आणि एक लांब भोंगा म्हणजे आपापल्या ठरलेल्या जागी जमायचं. हल्ली निम्मं फोनवर उरकतं, पण तुम्ही आईबाबांना खोलीपासून त्या जागेपर्यंत जिन्याने एकदा चालवून आणा, कारण त्या वेळी लिफ्ट वापरायची नसते. फोन लगेच एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर समुद्रातल्या सिग्नलचं बिल भारी येतं.

जाताना बोटीची घड्याळं रात्री एकेक तास मागे घेतात, आणि फोन आपोआप बदलेल याचा भरवसा नाही. बाबांचं मनगटी घड्याळ त्यासाठी. गोळ्यांच्या वेळा कशा सरकवायच्या ते डॉक्टरांकडून लिहून आणा. हवाई भारताच्या साडेपंधरा तास मागे. आईला सांगलीला मावशीला फोन करायचा तर संध्याकाळी सहाला लावा, तिथे दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेनऊ वाजलेले असतात.

आणि दिवस घालवायला? पत्त्यांचे दोन जोड, पोथी, वाचायचा चष्मा जास्तीचा, दुर्बीण. डिसेंबर ते एप्रिलमध्ये जात असाल तर बेटांजवळ हंपबॅक देवमासे दिसतात, त्याआधी उडते मासे. दुपारी बारा वाजता कप्तान लाउडस्पीकरवर बोट कुठे आहे, वारा किती, खाली पाणी किती खोल ते सांगतात. बाबांनी पहिल्या दिवशी ते जेवणाच्या रुमालावर टिपलं. म्हणून एक वही आणि दोन पेनं. दुसरं पेन आईला, बोटीवर रोज वाटतात त्या सुडोकूसाठी.