कवळी सैल होते, टोचते, तुटते? आधी या चुका टाळा

एकदा कवळी बसली की दातांच्या डॉक्टरांकडे जायचं कारणच उरलं नाही, असं सोलापुरातल्या अनेक घरांत धरून चालतात. पण दात काढल्यावर हिरडीखालचं हाड झिजत राहतं, पहिल्या वर्षात सर्वांत जास्त. कवळीचं माप मात्र तेच राहतं. बहुतेक तक्रारींचं मूळ इथे आहे, आणि घरच्या इलाजांनी त्या चिघळतात.

कवळी सैल झाली म्हणून पेस्टवर दिवस काढणं

खालची कवळी आधी हलू लागते. वरचीला अख्ख्या टाळूचा आधार असतो आणि लाळेच्या पातळ थरामुळे ती धरून राहते. खाली जागा अरुंद, त्यात जीभ तिला सारखी ढकलते. त्यामुळे 'वरची छान, खालचीच नाचते' हा दर वेळी बनवणाऱ्याचा दोष नसतो. चिकटवायची पेस्ट वापरायचीच तर स्वच्छ, कोरड्या कवळीवर तीन-चार छोटे ठिपके, कडेपासून थोडे आत. बाहेर ओघळली, तर जास्त झाली. रोज पेस्टशिवाय जेवताच येत नसेल तर रिलाइनिंग करून घ्या. त्यात कवळीला आतून नवा थर देऊन ती आजच्या हिरडीला बसती करतात.

टोचते म्हणून घरीच घासणं

पॉलिश पेपर किंवा कानस लावली की नेमकी नको ती जागा जाते आणि कवळीची पकडच सुटते. दुसरी चूक याहून जास्त दिसते: आठवडाभर कवळी काढून ठेवायची आणि मग दवाखान्यात जायचं. तोवर व्रण भरलेला असतो, डॉक्टरांना कुठे घासायचं तेच कळत नाही. जाण्याआधी दोन-तीन तास कवळी घाला, म्हणजे लाल डाग दिसतो.

कवळी तुटली तर फेविक्विक लावू नका. तुकडे किंचित जरी वाकडे चिकटले तरी पुढची दुरुस्ती अवघड होते. सगळे तुकडे डबीत घालून न्या.

धुताना आणि ठेवताना

टूथपेस्टमधल्या खरखरीत कणांनी कवळीच्या अॅक्रिलिकवर, म्हणजे प्लास्टिकवर, ओरखडे पडतात, त्यात घाण आणि बुरशी बसते. मऊ ब्रश आणि साधा साबण पुरे. बेसिनमध्ये थोडं पाणी ठेवून किंवा खाली टॉवेल अंथरून धुवा, हातातून निसटून फुटायची भीती राहत नाही. उकळतं पाणी कधीच नको, कवळी वाकडी होते. बोअरच्या जड पाण्याने पांढरा थर बसला, तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मंनिम्मं करून अर्धा तास बुडवा, मग ब्रशने घासून नीट खळखळून धुवा. तारेची किंवा धातूची कवळी असेल तर डॉक्टरांना विचारूनच.

रात्री कवळी काढाच, आणि साध्या पाण्यात ठेवा. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर जातो. खिडकीत कोरडी ठेवलेली कवळी सुकून आकार बदलू शकते. रात्रंदिवस घालणाऱ्यांची, त्यातही मधुमेह असणाऱ्यांची, टाळू लाल होते. दुखत नाही म्हणून कोणी बघत नाही, पण बहुधा ती बुरशी असते आणि औषधाने बरी होते.

जेवताना

पुढच्या दातांनी तोडू नका, कवळी मागून उचलते. लहान घास दोन्ही बाजूंनी चावा. कडक भाकरी आमटीत पूर्ण भिजू द्या. शेंगा चटणीचे कण खालच्या कवळीखाली शिरून फार टोचतात. ती दह्यात कालवून घ्या आणि जेवणानंतर कवळी काढून चूळ भरा.

मिसरी लावणाऱ्यांसाठी

दात गेले तरी हिरडीला मिसरी लावणं अनेकांचं सुटत नाही. तिच्यात तंबाखूच असते, म्हणून ती बंद करा. तोंडातला व्रण 'कवळीने झाला असेल' म्हणून सोडून देऊ नका. कवळी काढून ठेवूनही तो 2 आठवड्यांत भरला नाही, किंवा पांढरा-लाल चट्टा, गाठ दिसली, तर त्याच आठवड्यात तपासून घ्या.